बसची ऑर्डर पावणेदोनला

जुलै 2004. न्यू ऑर्लीन्स बुडालं तर काय, याची 'हरिकेन पॅम' नावाची रंगीत तालीम लुइझियानात होते. स्वतःची गाडी नसलेले सुमारे एक लाख लोक अडकतील, हे तिथे कागदावर येतं. त्यांना बाहेर काढायच्या वाहतुकीचा आराखडा मात्र अर्धवटच राहतो. माझ्या मते घड्याळ इथूनच सुरू होतं.

28 ऑगस्ट 2005, रविवार, सकाळी 7. कतरिना वादळ पाचव्या श्रेणीत.

सकाळी साडेनऊच्या सुमारास. महापौर रे नेगिन शहर सोडण्याची सक्ती करतात. वादळ यायला एकवीस तासही नाहीत. केंद्राच्या आपत्ती यंत्रणेने, 'फेमा'ने, पाणी, बर्फ, जेवणाची पाकिटं आणून ठेवली आहेत. बसची ऑर्डर नाही.

29 ऑगस्ट, सकाळी 6:10. ब्युरासजवळ धडक.

8:14. इंडस्ट्रियल कॅनॉलचा बांध फुटल्याचा इशारा. त्याच दिवशी फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांना पाचशे बसचा शब्द देतात. शब्द म्हणजे वर्क ऑर्डर नव्हे.

30 ऑगस्ट. ऐंशी टक्के शहर पाण्यात. केंद्राच्या वाहतूक खात्याचा करार 'लँडस्टार' या मालवाहतूक कंपनीशी. तिच्याकडे बस नाहीत, म्हणून ती विचारते एका लिमोझिन कंपनीला. तिथले लोक इंटरनेटवर बसमालकांच्या संघटना शोधू लागतात! बस देशात भरपूर होत्या. त्यांच्या मालकांशी आधीच दरकरार करून ठेवणं कुणाला सुचलं नव्हतं.

31 ऑगस्ट, रात्री 1:45. फेमा वाहतूक खात्याकडे 455 बस मागते. धडकेला त्रेचाळीस तास उलटलेत. बस मोठ्या संख्येने पोचतात गुरुवारी, 1 सप्टेंबरला.

मग पैशाचा बांध फुटला. 8 सप्टेंबरला, विनानिविदा किरकोळ खरेदीची अडीच हजार डॉलरची मर्यादा मदतकार्यासाठी अडीच लाखांवर नेली. कार्निव्हल या क्रूझ कंपनीची तीन जहाजं सहा महिन्यांसाठी 23.6 कोटी डॉलरला भाड्याने घेतली. आधी सहीला हात उठत नव्हता, नंतर थांबत नव्हता. दोन्हींचं मूळ एकच, आधी न केलेले करार.

ऑक्टोबर 2006. नवा कायदा: करार आपत्तीपूर्वी करा, तातडीचे विनास्पर्धा करार 150 दिवसांपुरतेच.

3 ऑक्टोबर 2017, पोर्तो रिको, मारिया वादळानंतर. फेमा अटलांटातल्या एका माणसाच्या कंपनीला तीन कोटी जेवणांचं 15.6 कोटी डॉलरचं कंत्राट देते. 1.85 कोटी जेवणं पोचायची होती, तोवर पोचली पन्नास हजार.