नेम मधोमध, छर्रा मात्र खाली : पिस्तूल ‘खाली’ का मारतं?

नेम नीट धरला, ट्रिगर दाबला आणि छर्रा काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला लागला. पुढचाही तिथेच. नव्या नेमबाजांचा हात अशा वेळी लगेच साईटच्या स्क्रूकडे जातो. पण दोष पिस्तुलाचा आहे की हाताचा, हे आधी ठरवावं लागतं. हाताची चूक स्क्रूने झाकली, तर हात सुधारल्यावर छर्रे वर जायला लागतात.

गोंदिया, देवरी किंवा आमगावचा विद्यार्थी एअर पिस्तूल शिकत असेल, तर प्रशिक्षक रोज शेजारी असेलच असं नाही. म्हणून ही तपासणी स्वतःला करता येणं महत्त्वाचं.

थोड्याशा फरकाने काय होतं?

१० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिमी असतो. पुढची प्रत्येक रिंग ८ मिमी रुंद. स्पर्धा अशाच फरकांवर ठरतात. २२ ऑगस्ट २०१८ रोजी आशियाई स्पर्धेत पालेमबांग इथे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. या स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत ती आणि थायलंडची खेळाडू ३४-३४ अशा बरोबरीत होत्या. पहिला शूट-ऑफही ४-४ असा सुटला. दुसऱ्यात राही ३-२ ने जिंकली. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांत अंतर एका गोळीचं.

पहिली चाचणी : छर्रे कसे पडले ते पाहा

एकाच पद्धतीने नेम धरून दहा छर्रे मारा. मध्ये स्क्रूला हात लावू नका.

• सगळे छर्रे खाली, पण एकमेकांजवळ : साईटची मांडणी, नेम धरण्याची जागा किंवा हवेचा दाब तपासा.
• काही दहात, काही खाली घसरलेले : बहुतेक वेळा ट्रिगर किंवा मनगटाचा दोष.

खात्रीसाठी तेच पिस्तूल अनुभवी नेमबाजाला त्याच पद्धतीने चालवायला द्या. त्याचेही छर्रे तेवढेच खाली गेले, तर पिस्तुलाकडे वळा.

पिस्तुलाकडची कारणं

नेम कुठे धरता? अनेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरत नाहीत, त्याच्या खाली धरतात. साईट त्या हिशोबाने लावलेली असते. पण साईट मध्यासाठी लावलेली असेल आणि तुम्ही काळ्याच्या खालच्या कडेवर नेम धरलात, तर छर्रा सुमारे ३० मिमी खाली, म्हणजे सातवर जाईल. क्लबचं पिस्तूल अनेक जण वापरत असतील, तर हे आधी विचारा.

हवेचा दाब. छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला, तर १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे २२ मिमी खाली येतो. साईट लावताना हे धरलेलं असतं. वेग १३० वर आला, तर तो सुमारे २९ मिमी खाली येतो. जवळपास एक रिंग गेली! त्यामुळे छर्रे हळूहळू खाली सरकत असतील, तर सिलिंडरचा दाब पाहा. छऱ्यांचा प्रकार बदलला असेल, तर तेही तपासा.

हाताकडची कारणं

फ्रंट साईट खाली बुडणं. पुढच्या आणि मागच्या साईटचा माथा एका रेषेत हवा. दोन साईटमधलं अंतर ३३ सेंमी असेल आणि फ्रंट साईट अर्धा मिमी खाली गेली, तर छर्रा १५ मिमी खाली जातो. मधोमध लागणारा छर्रा नऊच्या बाहेरच्या काठावर! याउलट अख्खा हात सरळ ५ मिमी खाली आला, तर छर्राही ५ मिमीच खाली जातो. म्हणून नजर फ्रंट साईटवर हवी, टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालेल.

ट्रिगर झटक्याने ओढणं. बोटासोबत पूर्ण मूठ आवळली की नळीचं तोंड खाली झुकतं.

धक्क्याची धास्ती. .२२ पिस्तुलात आवाज आणि धक्का येणार म्हणून मनगट आधीच खाली ढकललं जातं. प्रशिक्षक मॅगझिनमध्ये मध्येच डमी काडतूस भरतात. गोळी सुटत नाही, पण नळी खाली झुकलेली स्पष्ट दिसते.

लवकर हात सोडणं. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद नेम तसाच धरून ठेवा.

स्क्रू कधी फिरवायचा?

ड्राय फायर करताना फ्रंट साईट हलत नसेल आणि छर्रे तरीही एकाच जागी खाली पडत असतील, तेव्हाच. छर्रे वर न्यायचे असतील तर मागची साईट वर घ्यायची. फ्रंट साईटचं उलटं असतं. ती उंच केली तर छर्रे आणखी खाली जातात. थोडे क्लिक फिरवा, पाच छर्रे मारा, नोंद करा, मग पुढे जा. एका वेळी एकच बदल करा.

ड्राय फायरपूर्वी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा आणि नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा. .२२ पिस्तुलाचा सराव परवानगी असलेल्या रेंजवर, प्रशिक्षकासमोरच करायचा.