पाना, टॉमी आणि उस्ताद

डिझेलची टाकी कोरडी पडली की जुना ट्रक नुसते डिझेल ओतून सुरू होत नसे. पंपापर्यंतच्या नळ्यांत हवा शिरलेली असे. ती काढल्याशिवाय कितीही सेल्फ मारला तरी बॅटरी तेवढी बसायची. मग किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, बॉनेट उघडून फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करी आणि फीड पंपाचा दट्ट्या वरखाली मारू लागे. आधी फसफसता फेस येई, मग बुडबुडे विरळ होत. डिझेलची सलग, स्वच्छ धार लागली की दट्ट्या चालू ठेवूनच स्क्रू आवळायचा. हात आधी थांबला तर हवा पुन्हा आत. एवढ्यानेही इंजिनाने पकडले नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट ढिले करायचे, सेल्फ मारत डिझेल उडताना पाहायचे आणि एकेक नट आवळत जायचे. बऱ्याचदा शेवटचे दोन नट आवळण्याआधीच इंजिन धडधडू लागे.

‘एअर काढणे’ हे काम ज्याला येत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये, असे मालक-ड्रायव्हरांच्या एका अख्ख्या पिढीचे मत होते. ही पिढी घडवली ती डिझेलच्या यंत्राने.

त्याआधीचा काळ पेट्रोलच्या लॉऱ्यांचा. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही आली. सुटे भाग बोटीने यायचे, इथे नटबोल्ट आवळून गाडी उभी राहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरलेल्या गाड्यांची भर पडली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज ट्रक बाहेर काढायला सुरुवात केली. पुढे सरकारने धोरण आखले, की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनवायला हवेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनीही गाशा गुंडाळला. ज्यांच्या दारात शेवरले किंवा फोर्ड उभी होती, त्यांना सुट्या भागांसाठी जुना बाजार आणि गावातला लेथवाला हेच आधार उरले. मोडलेला भाग फेकायचा नाही, भरून-कातून पुन्हा बसवायचा, ही सवय त्या टंचाईत मुरली.

आणि मग 1954 साल आले. टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी 15 वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक रस्त्यावर उतरला. करार 1969 मध्ये संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला, पण गाडीचा सांगाडा आणि इंजिनाची धाटणी पुढेही बराच काळ टिकली. त्यांतल्या 1210 या गाडीच्या आकड्यातच तिची ओळख होती: मालासकट वजन ढोबळमानाने 12 टन आणि ताकद सुमारे 100 अश्वशक्ती. दुरुस्तीच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. एक म्हणजे, दाबाने पेटणाऱ्या या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज नव्हती. डायनॅमो जळाला तरी गाडी दिवसाउजेडी घर गाठू शकायची. दुसरी म्हणजे, वर्षानुवर्षे तीच गाडी. नागपूरला शिकलेला हात कोल्हापुरात चालायचा, आणि तिच्या स्प्रिंगचा पाटा किंवा फॅन बेल्ट महामार्गावरच्या कुठल्याही गावात मिळायचा.

शिकवणी तोंडी होती. किन्नर आधी काच पुसायचा, मग ग्रीस मारायचा, मग उस्तादाच्या हाताखाली पाना धरायचा. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायरवर ठोका मारून आवाजावरून हवा ओळखणे ही पहिली परीक्षा; जोडीच्या चाकातला आतला टायर बसला असेल तर तो नजरेला दिसत नाही, आवाज मात्र बद्द येतो. धुराचे रंगही असेच पाठ व्हायचे. काळा धूर आला तर पंपाला हात लावण्याआधी एअर क्लीनर उघडून पाहायचा, कारण धुळीने तो तुंबला की डिझेल नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तिथे रिंगा आणि लायनर पाहायला लागतात, ते रस्त्यावरचे काम नव्हे.

घाटाने यातले पुष्कळ शिकवले. खंडाळ्याचा घाट चढणारे ड्रायव्हर वाटेतल्या शिंगरोबाच्या देवळात नाणे वाहतात. त्या चढणीवर जुन्या गाड्यांचे पाणी उकळायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले की वाफ थेट तोंडावर. म्हणून थांबायचे, इंजिन निवू द्यायचे आणि मगच पाणी ओतायचे. घाईने गार पाणी ओतून हेडला तडा घालवणारेही निघत. उतरणीचा नियम आजही तोच आहे: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेली भरली गाडी नुसत्या ब्रेकवर रोखायची म्हटले, की लायनिंग तापून ब्रेकची पकडच जाते.

या सगळ्या कौशल्याचे कौतुक करताना त्याची किंमत विसरता येत नाही. रिंगवाल्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसली नसेल, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. तिच्या समोर उभे राहिलेली पोरे जायबंदी झाली, काही जिवानिशी गेली. जाणता माणूस चाकाला साखळी गुंडाळतो, बाजूला उभा राहतो, आणि मगच हवा भरतो. तुटक्या पाट्याचेही तसेच. चासी आणि एक्सलच्या मध्ये लाकडाचा ठोकळा आवळून गाडी पुढच्या गावापर्यंत रांगत न्यायची, हा उपाय तेवढ्यापुरताच. नवा पाटा बसवला तर भरल्या गाडीने थोडे अंतर गेल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण भार पडल्यावर पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात. चाकाच्या नटांनाही हेच लागू.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बॉनेटखालचे जग पालटले. जुन्या नोझलचा दाब शे-दोनशे बारच्या घरात असे. आताच्या इंजिनांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, तो दीड हजारांच्या पुढे जातो. म्हणजे चालू इंजिनाचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मारत नाही हे शोधायची जुनी युक्ती आता जीवघेणी आहे. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टिचभरही दिसत नाही, पण डिझेल मांसात पसरते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर हात गमावण्याची वेळ येते. जुन्या उस्तादांना हे समजावून सांगणे कंपन्यांचे आणि मालकांचे कर्तव्य आहे, कारण त्यांचा हात सवयीने त्याच नटाकडे जातो.

हाताने करायची कामे मात्र संपलेली नाहीत. डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी वेळेवर सोडणे, युरियाच्या टाकीत चुकूनही डिझेल जाऊ न देणे, हवेच्या टाकीतून पाणी निघते का ते पाहणे, बेल्टचा ताण बोटाने दाबून बघणे, हे ड्रायव्हरनेच करायचे. स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो. पण तो सेन्सर बिघडला आहे, की त्याची वायर उंदराने कुरतडली आहे, हे पाहायला मिस्त्री अजूनही हातात बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटतो.