हेल अप इन हार्लेम

‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहातील अमेरिकन गुन्हेगारीपट (डिसेंबर १९७३). दिग्दर्शक लॅरी कोहेन. नायक फ्रेड विल्यमसन. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या ब्लॅक सीझरचा हा उत्तरभाग होय. त्या चित्रपटाने गल्ला जमविताच अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सला दुसरा भाग तातडीने हवा होता. तथापि मूळ कथेच्या शेवटी नायक टॉमी गिब्ज बालपणीच्या पडक्या घरापाशी टोळक्याच्या हातून मारला जातो. गोऱ्या, भ्रष्ट पोलिसावर सूड उगविणाऱ्या कृष्णवर्णीय नायकाचा असा अंत प्रेक्षकांना मानवला नाही व तो प्रतींतून कापण्यात आला. उत्तरभागाला वाट मिळाली ती ह्या कात्रीमुळे. विल्यमसन आठवडाभर दॅट मॅन बोल्टमध्ये, तर कोहेन इट्स अलाइव्ह ह्या भयपटात गुंतलेला. त्यामुळे चित्रण बव्हंशी शनिवार-रविवारी उरकले आणि न्यूयॉर्कमधील काही दृश्यांत बदली नट उभा करावा लागला. कथानकातील ठिगळे ह्या घाईचीच. पित्याच्या भूमिकेतील ज्यूलियस हॅरिस मात्र लक्षात राहतो. जेम्स ब्राउनचे संगीत नाकारून एडविन स्टारची गाणी घेण्यात आली. नाकारलेल्या संगीतातून ब्राउनने द पेबॅक (१९७३) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. चित्रपटापेक्षा तिचाच लौकिक अधिक झाला.