आरसेप करार आपण का नाकारला?

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांचा विषय, आपला काय संबंध? देशादेशांतले व्यापारी करार बँकॉकला, जिनिव्हाला होतात हे खरं. पण त्या करारांतला माल उतरतो आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरात आणि त्याचे कंटेनर कळंबोलीच्या रस्त्याने आपल्या डोळ्यांसमोरून जातात. घाटावरून मुंबईला निघालेले दुधाचे टँकरही इथूनच जातात. म्हणून ४ नोव्हेंबर २०१९ हा दिवस आपण पनवेलच्या बायकांनी समजून घ्यायला हवा. त्या दिवशी भारताने ‘आरसेप’ नावाच्या मोठ्या व्यापारी गटात जायला नकार दिला.

व्यापाराची वाट बदलली की गावाचं काय होतं, हे पनवेलला नवीन नाही. आगगाडी यायच्या आधी मुंबईचा माल आणि माणसं होडीने पनवेलला उतरायची आणि पुढे बैलगाडीने बोरघाट चढून पुण्याला जायची. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला, तशी पनवेलची उतारपेठ आणखी गजबजली. मग १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि ती सगळी वर्दळ दुसऱ्या वाटेने निघून गेली. पुढे शंभरावर वर्षांनी व्यापार परत आला तो वेगळ्या रूपात. सिडको आली, न्हावा-शेवाचं बंदर ठरलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. व्यापार वाढला की सगळ्यांचं भलं होतं असं कुणी म्हणालं, तर ‘सगळ्यांचं म्हणजे नेमकं कुणाचं?’ हा प्रश्न आपल्या भागाला आपसूक सुचतो. आरसेपच्या वेळीही प्रश्न हाच होता.

आता आरसेप म्हणजे काय ते बघू. मराठीत त्याला प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करार म्हणतात. आग्नेय आशियातल्या देशांची आसियान नावाची संघटना आहे, तेव्हा तिच्यात दहा देश होते. हे दहा देश आणि त्यांच्याशी आधीच व्यापार करार असलेले सहा देश, म्हणजे चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत, अशा सोळा देशांनी एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करायचं, बऱ्याच मालावरचं काढूनच टाकायचं, अशी ही योजना. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तिची घोषणा झाली, पुढच्या वर्षी बोलणी सुरू झाली. सुरुवात झाली तेव्हा दिल्लीत एक सरकार होतं, शेवट झाला तेव्हा दुसरं. सात वर्षं दोन्ही सरकारांनी बोलणी चालू ठेवली.

आयात शुल्क म्हणजे परदेशातून येणाऱ्या मालावर सरहद्दीवर बसणारा कर. तो असला की बाहेरचा माल थोडा महाग पडतो आणि इथल्या माणसाला टिकून राहायला जागा मिळते. तो काढला की गिऱ्हाईकाला माल स्वस्त मिळतो, पण तोच माल इथे बनवणाऱ्याची पंचाईत होते. आपल्या घरात तर या दोन्ही बाजू एकाच बाईत असतात. ती दुकानात गिऱ्हाईक असते, आणि गोठ्यात किंवा कारखान्यात कामकरी असते.

भारताच्या मनात शंका का आली? आसियान आणि कोरियाबरोबरचे करार २०१० मध्ये आणि जपानबरोबरचा २०११ मध्ये लागू झाला होता. त्यानंतर आपली निर्यात वाढली, पण आयात त्याहून जास्त वाढली. २०१८-१९ मध्ये आरसेपच्या बाकीच्या देशांबरोबर आपली व्यापार तूट सुमारे १०५ अब्ज डॉलर होती आणि त्यातली निम्मी एकट्या चीनशी होती. तूट म्हणजे आपण विकलं त्यापेक्षा विकत जास्त घेतलं. शिवाय शुल्कात कपात करायची ती २०१४ चे दर धरून, असं ठरत होतं. मधल्या काळात भारताने अनेक वस्तूंवरचं शुल्क वाढवलं होतं, म्हणून २०१९ चे दर धरा, असा आपला आग्रह होता. आयात एकदम वाढली तर आपोआप शुल्क पुन्हा लागेल अशी सोय हवी आणि चीनचा माल तिसऱ्या देशाचा शिक्का मारून येऊ नये म्हणून मूळ देशाचे नियम कडक हवेत, हेही भारताचं म्हणणं होतं. ते हवं तसं मान्य झालं नाही.

पण लोकांच्या तोंडी जो विषय आला तो दुधाचा. न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम ५० लाख. तिथे वर्षाला सुमारे दोन कोटी टन दूध होतं आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पावडर, लोणी, चीज या रूपात परदेशी जातं. भारतात २०१८-१९ मध्ये १८ कोटी ७० लाख टनांहून अधिक दूध झालं, म्हणजे त्यांच्या नऊपट. पण ते जवळजवळ सगळं आपण इथेच पितो, खातो. तिथे एका गोठ्यात शेकडो गाई. इथे एका घरी दोन म्हशी नाहीतर चार गाई, आणि वैरण, शेण, धारा, वासरू हे सगळं बघणारी घरातली बाई. दूध तिच्या हाताचं, पण डेअरीच्या पुस्तकावर नाव बहुतेक वेळा घरधन्याचं.

इतका मोठा आपला देश, मग थोड्या पावडरीने काय बिघडणार होतं? ते दुधाच्या दराच्या गणितात आहे. हिवाळ्यात दूध जास्त येतं, त्याला डेअरीवाले पुष्टकाळ म्हणतात. विकून उरलेल्या दुधाची संघ पावडर करून ठेवतात आणि उन्हाळ्यात वापरतात. पावडरीला भाव असला तर संघ जास्तीचं दूधही चांगल्या दराने घेतो. पावडरीचा भाव पडला की गोदामं भरून राहतात, पैसा अडकतो आणि संघ शेतकऱ्याचा दर कापतो. पावडर लिटरभर दुधापासून लांब दिसते, पण दर तीच ठरवते. २०१८ मध्ये हे महाराष्ट्राने पाहिलं. जगात पावडर स्वस्त झाली होती, इथली गोदामं भरली होती आणि गाईच्या दुधाला १७ रुपये लिटर असा दर मिळत होता. त्या जुलैमध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध रोखलं, तेव्हा सरकारने २५ रुपये दराची आणि अनुदानाची घोषणा केली. हे सगळं बाहेरची पावडर रोखणारं शुल्क असताना झालं. मग ते शुल्क गेलं तर काय, ही भीती गोठ्यागोठ्यात होती.

म्हणून २०१९ मध्ये एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे एका बाजूला आले. डाव्या विचारांच्या शेतकरी संघटना विरोधात, स्वदेशी जागरण मंचही विरोधात, सहकारी दूध संघ विरोधात आणि पोलाद, कापडवालेही विरोधात. ४ नोव्हेंबरला बँकॉकच्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी भारत सामील होणार नसल्याचं सांगितलं. सगळ्यांत गरीब, दुबळ्या माणसाचा चेहरा आठवून निर्णय घ्यावा, या गांधीजींच्या मंत्राचा आधार त्यांनी घेतला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. याच सुमारास, ३१ जानेवारी २०२० ला, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. ते १९७३ पासून आत होतं, म्हणजे ४७ वर्षांचा संसार मोडून निघालं. आपण मात्र उंबरठ्यावरूनच परतलो. बाकीच्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या, १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला आणि भारताला कधीही यायचं झालं तर दार उघडं ठेवलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तयार कपडे, मोबाइलची जुळणी अशा कामांत बायकांना मोठ्या संख्येने रोजगार मिळतो. हे कारखाने सुटे भाग एका देशातून आणतात, दुसऱ्या देशात जोडतात, तिसऱ्याला विकतात. अशा साखळीत शुल्काविना माल फिरणाऱ्या देशाला पसंती मिळते. आपण बाहेर राहिलो तर ती कामं व्हिएतनामकडे जातील, असं अनेक अर्थतज्ज्ञ तेव्हा म्हणाले, आजही म्हणतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गोठ्यातली बाई वाचवताना शिलाई मशीनवरच्या बाईची संधी हुकली का, हे विचारायला हवं.

मग नकार देऊन आपल्याला काय मिळालं? पहिलं, दूध वाचलं आणि पुढच्या करारांनाही धडा मिळाला. ऑस्ट्रेलियाबरोबर २०२२ मध्ये करार झाला, तेव्हा भारताने दुधाचे पदार्थ बाहेर ठेवले. दुसरं, चीनचा माल मात्र थांबला नाही. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. शुल्क भरूनही तो माल येतो, कारण इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, औषधांचा कच्चा माल अशा गोष्टी इथे पुरेशा बनत नाहीत. तिसरं, दुधाचा दर २०२३ च्या शेवटी महाराष्ट्रात पुन्हा पडला आणि राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. म्हणजे कुंपण घातलं म्हणून पीक आपोआप येत नाही.

कुंपण काढलं तर काय होतं, ते आपल्या तेलाच्या पिशवीला विचारा. १९८६ मध्ये देशाने तेलबियांची मोहीम हाती घेतली आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, पुढे शुल्कही उतरलं. तेल स्वस्त झालं, गृहिणी सुखावली. पण करडई आणि भुईमूग शेतातून मागे सरले आणि आज देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तर आपल्या फोडणीची काळजी सुरू झाली.

आम्हाला वाटतं, २०१९ चा नकार दुधापुरता तरी योग्य होता. पण त्याने सवड मिळाली, उत्तर मिळालं नाही. त्या सवडीत दुधाला खात्रीचा दर, गावात शीतकरणाची सोय, जनावरांचा डॉक्टर आणि डेअरीच्या पुस्तकावर बाईचं नाव, एवढं झालं पाहिजे. नवे करार होतच राहतील. पुढच्या वेळी बातमी ऐकलीत की दोन प्रश्न जरूर विचारा: यात स्वस्त काय होणार, आणि ते आज बनवतं कोण? तुमच्या गावात दूध घालणाऱ्या किती घरांत पुस्तक बाईच्या नावावर आहे, ते मोजून आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण त्यावरच बोलू.