सुई, तोफ आणि पोवळें

वसईचें नांव ऐकतांच आपल्या मनश्चक्षूंपुढें उभा राहतो तो १७३९ च्या मे महिन्यांतील रणसंग्राम. चिमाजीअप्पांचा पराक्रम आणि पोर्तुगीजांची शरणागति यांच्या कथा महाराष्ट्रानें पिढ्यान् पिढ्या जपून ठेविल्या आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु या संग्रामाच्या दोनशें वर्षें आधीं वसईच्या परिसरांत एक अगदीं लहानशी गोष्ट घडली. तींत रक्त सांडलें नाहीं कीं तट कोसळला नाहीं. केवळ होकायंत्राची सुई आपल्या जागेवरून ढळली. समुद्रविद्येच्या इतिहासांत मात्र त्या ढळण्याला मोठें मोल आहे. ती सुई न्याहाळणाऱ्या पुरुषाची आणि पुढें तांबड्या समुद्राच्या तळाशीं त्यानें जें शोधलें त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या पुरुषाचें नांव जुआंव द कास्त्रो. जन्म १५०० सालचा. गणिताचे विख्यात पंडित पेद्रु नुनिश यांच्याशीं त्याचा निकट विद्यासंबंध होता. १५३८ सालीं नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या याच्या आरमाराबरोबर तो हिंदुस्थानांत आला. नुनिश यांनीं योजिलेलें एक छायायंत्र त्याच्यापाशीं होतें. सपाट वर्तुळाकार तबकडी आणि तिच्या मध्यभागीं उभा शंकु, अशी त्याची सामान्य रचना. मध्यान्हापूर्वीं व मध्यान्हानंतर सूर्य सारख्याच उंचीवर असतांना शंकूच्या ज्या दोन छाया पडतात, त्यांच्या बरोबर मधून खरी उत्तर-दक्षिण रेषा जाते. ही युक्ति आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनाहि ठाऊक होती. खरी उत्तर आणि सुईनें दाखविलेली उत्तर यांमध्यें जें अंतर पडतें त्यास दिक्च्युति म्हणतात. ही दिक्च्युति कळली तर समुद्रावर आपण पूर्वपश्चिम किती आलों तेंहि कळेल, अशी त्या काळच्या खलाशांची मोठी आशा होती. १५३८ ते १५४१ या अवधींत कास्त्रोनें चाळीसाहून अधिक वेळां ती मोजली, आणि ही आशा फोल आहे असा निर्णय दिला.

मोजमाप करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती आंकडे जुळेनासे होतात तेव्हां. लिस्बनहून येतांना मोझांबिकपाशीं कास्त्रोची सुई विचित्र वागूं लागली. यंत्र सदोष म्हणून तें बाजूस ठेवणें सोपें होतें. त्यानें तसें केलें नाहीं. आजूबाजूस शोध घेतां जवळच असलेल्या तोफेचें लोखंड सुईला खेंचीत आहे हें त्याच्या ध्यानांत आलें. जहाजावरील लोखंडानें होकायंत्र फसतें या शोधाचें श्रेय पुढें कित्येक वर्षें फ्रान्समधील दिएप बंदराच्या डेनिस नांवाच्या गृहस्थास दिलें जात असे. परंतु त्याचा काळ १६६६, म्हणजे कास्त्रोनंतर १२८ वर्षें.

या अनुभवानें सावध झालेला कास्त्रो त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमारांत होता. वाटेंतील बंदरें, खाड्या व खडक यांचें वर्णन तो लिहून ठेवीत होता. वसई पोर्तुगीजांच्या हातीं येऊन तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ च्या डिसेंबरांत ती त्यांस दिली होती. २२ डिसेंबर १५३८ रोजीं वसईच्या परिसरांत सुई पुन्हां ढळली. या वेळीं दोष तोफेचा नव्हता. सुईला ओढीत होते ते तेथील खडक, आणि कास्त्रोनें तशी नोंद केली. एखाद्या स्थळाच्या पाषाणामुळें सुईवर होणाऱ्या या परिणामास आज ‘स्थानिक आकर्षण’ म्हणतात. वसईजवळची ही नोंद यथार्थ होती हें सुमारें चार शतकांनंतर सिद्ध झालें.

या खडकांत असें काय आहे? उत्तर कोंकणचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेला लाव्हारस. त्यांत लोहाच्या चुंबकीय खनिजाचे सूक्ष्म कण असतात. रस थंड होत असतां त्या कणांवर पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकत्वाचा ठसा उमटतो आणि तो दगडांत कायम राहतो. जुन्या गोव्यांतील बों जेजूस देवालयाच्या दर्शनी भागास वसईहून नेलेला काळा दगड लाविलेला आहे. तो पाहणाऱ्या यात्रेकरूच्या मनांत त्याच्या या गुणाची शंकाहि येत नाहीं.

अलिबागची वेधशाळा बांधणाऱ्यांना मात्र ती शंका घेणें भाग होतें. मुंबईंत कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं हें काम १९०४ पासून अलिबागेस नेण्यांत आलें. तेथील चुंबकगृहांसाठीं हातच्या अंतरावरचा काळा दगड न वापरतां पोरबंदरचा दगड आणविला गेला. कास्त्रोला वसईपाशीं जें आढळलें, त्याचीच ही व्यावहारिक दखल होय.

आतां दुसरी हकीकत. १५४१ सालीं गोव्याचा गव्हर्नर इश्तेव्हांव द गामा सुएझच्या तुर्की आरमारावर चालून गेला. त्या स्वारींत कास्त्रो एका जहाजाचा कप्तान होता. स्वारीचा मुख्य हेतु सिद्धीस गेला नाहीं. कास्त्रोनें मात्र एका जुन्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. या समुद्राला तांबडा कां म्हणतात? कोणी म्हणे माती तांबडी, कोणी म्हणे डोंगर तांबडे. जेथें पाणी तांबडें दिसलें तेथें कास्त्रोनें तें वर काढून पाहिलें. तें स्फटिकासारखें स्वच्छ होतें. अर्थात् रंग पाण्याचा नसून तळाचा असला पाहिजे. मग त्यानें माणसांस बुड्या मारावयास लाविलें. त्यांनीं वर आणिलें तें शाखा फुटलेलें पोवळें. जेथें समुद्र हिरवा दिसे तेथील पोवळ्यावर हिरवें आवरण होतें, आणि जेथें तो पांढरा दिसे तेथें तळाशीं शुभ्र वाळू होती.

कास्त्रोचें हें उत्तर सर्वस्वीं पुरें नाहीं. १८२३ सालीं एरेनबेर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें त्याच समुद्रांत सूक्ष्म जीवांच्या थरांनीं पाणी खरोखरच लाल झालेलें पाहिलें, आणि नांवाचें मूळ तेथें असावें असें आज पुष्कळ मानतात. तथापि ग्रंथांतरींचीं मतें बाजूस सारून प्रवाळभूमीच्या तळाशीं माणूस उतरविणें आणि वर आलेली वस्तु डोळ्यांनीं पारखणें, ही रीति प्रवाळसंशोधनांत आजहि मोडलेली नाहीं.

या नोंदींचें पुढें काय झालें? कास्त्रो दीवचा वेढा उठविणारा सेनापति म्हणून गाजला आणि १५४८ सालीं व्हाइसरॉय असतांना गोव्यांत वारला. तांबड्या समुद्राच्या वृत्तांताचें इंग्रजी रूप १६२५ सालीं प्रसिद्ध झालें. मूळ पोर्तुगीज ग्रंथास १८३३ साल उजाडावें लागलें. ज्यांत वसई येते ती गोवा-दीवची वही तर १८४३ पर्यंत हस्तलिखितांतच राहिली. समुद्राचें ज्ञान हें राज्याचें शस्त्र होतें, आणि शस्त्र कोणी शेजाऱ्यास दाखवीत नाहीं. परिणामीं जें एकास कळलें होतें तें दुसऱ्यास नव्यानें शोधावें लागलें. आणि ज्यांनीं श्वास रोधून तळ गांठला, त्या बुडी मारणारांचें तर नांवहि कोठें उरलें नाहीं.

पोवळें हा पाषाण नव्हे, वनस्पतीहि नव्हे, तर सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, हें अठराव्या शतकांत मार्सेयच्या पेसोनेल या वैद्यानें प्रतिपादिलें; प्रारंभीं विद्वानांनीं त्याकडे दुर्लक्ष केलें. या प्राण्यास ऊन, ऊब आणि निर्मळ पाणी लागतें. दक्षिणेस उल्हासची खाडी आणि उत्तरेस वैतरणा, या दोहोंच्या गाळानें वसईचा समुद्र गढूळ असतो; म्हणून येथें प्रवाळभित्ति वाढत नाहीं. दक्षिण कोंकणांत मात्र मालवणपाशीं जिवंत पोवळीं आहेत, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणारा आंग्रिया हा बुडालेला प्रवाळमंच आहे. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. तिच्या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं पश्चिम किनाऱ्यावरील अनेक ठिकाणच्या जिवंत पोवळ्यांची माहिती छापून प्रसिद्ध केली.

ही माहिती आज तातडीची झाली आहे. समुद्र तापला कीं पोवळें आपल्या अंगांतील रंगीत शैवाल टाकून देतें, पांढरें पडतें, आणि ताप टिकल्यास मरतें. २०१५ च्या सुमारास मालवणलाहि असें विवर्णन आढळलें. २०२४ च्या एप्रिलमध्यें तें जगभर पसरल्याचें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. पूर्वीं तेथें काय होतें याची नोंद नसेल, तर काय गेलें हें कोण सांगणार? कोठें चिखल, कोठें खडक, कोठें जाळें फाटतें, हें आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव पिढीजात जाणतात. तें ज्ञान सांगणाराच्या नांवासह लिहून घेणें आणि सर्वांस खुलें करणें, हें काम कोणत्याहि आरमारावांचून होण्याजोगें आहे. आणि तें करावयाचें तर ज्यांना तें मुखोद्गत आहे अशीं वृद्ध माणसें हयात आहेत तोंवरच केलें पाहिजे.