सुरतेची लूट आणि डांगाची वाट

शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. लूट किती कोटींची यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. पण ती घरी आणली कशी, हे फारसे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर खरा पराक्रम तिथेच आहे.

सुरत तापीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर साल्हेर, उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. आणि या दोहोंच्या मध्ये पसरलेले डांगचे रान! साग, खैर, बांबूची बेटे, पूर्णा आणि अंबिका नद्यांची खोरी. बिबट्या तिथे आजही आहे. वाघ मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसेनासा झाला. साल्हेरच्या पायथ्याच्या एका गावाचे नाव वाघांबे, ते उगीच नव्हे. आधी घनदाट जंगल, मग उघडा माळ आणि शेवटी उंचावरचा मुक्काम, एवढ्यासाठी आपली माणसे लाखो रुपये खर्चून किलिमांजारोला जातात. ते हिमशिखर इथे नाही हे कबूल, पण रान तुडवत चढण्याचा क्रम तोच. गंगासागर तळ्याजवळच्या गुहेत आजही गिर्यारोहक रात्र काढतात.

१६७० साली मात्र ही हौस नव्हती. ५ ऑक्टोबरला सुरत सोडली तेव्हा पावसाळा नुकता सरलेला, घोडी लुटीने लादलेली, आणि बागलाणातले साल्हेर-मुल्हेर १६३८ पासून मोगलांकडे. बऱ्हाणपुराकडून दाऊदखान कुरेशी वाट अडवायला धावला. महाराजांनी लूट एका तुकडीबरोबर पुढे काढली आणि स्वतः मागे राहून १७ तारखेला वणी-दिंडोरीजवळ त्याला झुंजवले. लूट निसटली!

पुढचे पाऊल मला फार बोलके वाटते. जेमतेम तीन महिन्यांत, १६७१ च्या जानेवारीत, मराठ्यांनी साल्हेर घेतला. सुरत आणि बागलाण यांच्यामधल्या वाटेवर नजर ठेवायची तर हाच किल्ला हवा. मोगलांनाही ते कळले होते. म्हणून त्यांनी वेढा घातला आणि १६७२ च्या फेब्रुवारीत पायथ्याशी मोठी लढाई झाली. मोरोपंत आणि प्रतापराव यांनी ती उघड्या मैदानात जिंकली. सूर्याजी काकडे तिथे पडले. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे.

आपण गोंयकारांनी तर तिथे जायलाच हवे. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे आणि समुद्र हटवणारा बाण त्याने याच शिखरावरून सोडला अशी तिकडची श्रद्धा. आपल्या बाणावलीत तो बाण पडला म्हणतात! खाली डांगात कोकणा नावाची आदिवासी जमात राहते. आपले पूर्वज कोकणातून आले, असे ते लोक सांगतात.