शस्त्रक्रियेदरम्यानचा शल्यविशारदांवरील ताण

शस्त्रक्रिया चालू असताना शल्यविशारदाच्या मनावर व शरीरावर येणाऱ्या भाराला शस्त्रक्रियेदरम्यानचा ताण असे म्हणतात. अनपेक्षित रक्तस्राव, वेळेची घाई, उपकरणांतील बिघाड, वारंवार येणारे व्यत्यय, सहकाऱ्यांमधील विसंवाद आणि तासन्‌तास एकाच स्थितीत उभे राहणे ही त्याची प्रमुख कारणे होत. बेताचा ताण एकाग्रतेस उपकारक असतो. तो मर्यादेपलीकडे गेला की हाताची सफाई व निर्णयशक्ती दोन्ही घटतात आणि त्याची झळ भूल दिलेल्या रुग्णाला बसते. त्यामुळे हा ताण कमी करणे हा केवळ डॉक्टरांच्या सोयीचा नव्हे, तर रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

मोजमाप

हृदयगतीतील चढउतार आणि लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण यांवरून ताणाचा अंदाज बांधतात. २०११ मध्ये शल्यविशारदांसाठी तयार झालेल्या एका प्रश्नावलीत मानसिक श्रम, शारीरिक श्रम, वेळेचा दबाव, कामाची गुंतागुंत, प्रसंगाचा ताण आणि व्यत्यय अशा सहा घटकांची नोंद होते.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

१८ मे २०१७ रोजी पुण्यातील गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले. आईचे गर्भाशय दुर्बिणीद्वारे काढून तिच्या २१ वर्षांच्या मुलीला बसवण्यात आले. बारा डॉक्टरांच्या चमूला त्यासाठी सुमारे नऊ तास लागले. एवढ्या लांबीचे काम एका व्यक्तीच्या निग्रहावर सोडता येत नाही. अवयव काढणे, तो जपणे, रक्तवाहिन्या जोडणे अशा टप्प्यांत ते वाटावे लागते.

दुर्बिणीच्या पद्धतीत रुग्णाला जखम लहान होते, मात्र शल्यविशारदाचा भार वाढतो. त्याला पोटात न पाहता पडद्याकडे पाहावे लागते, खोलीचा अंदाज नीट येत नाही आणि लांब उपकरणाची मूठ एकीकडे वळवली की टोक उलट दिशेला जाते. उपकरणे लांब असल्याने टेबल नेहमीच्या उंचीवर ठेवल्यास खांदे उचलूनच काम करावे लागते. म्हणून मुठी कोपराच्या पातळीवर येतील इतके टेबल खाली घेतात आणि पडदा समोर, नजरेच्या किंचित खाली ठेवतात. उपाय क्षुल्लक वाटतो, पण मान व खांद्यांचे दुखणे त्यानेच पुष्कळसे टळते.

विश्रांती व संगीत

जर्मनीतील हॅनोव्हर येथे लहान मुलांवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत दर २५ मिनिटांच्या कामानंतर पाच मिनिटांची विश्रांती देऊन पाहण्यात आली. शल्यविशारदांमधील कॉर्टिसॉलचे प्रमाण घटले, तरीही शस्त्रक्रियेचा एकूण वेळ वाढला नाही. अर्थात रक्तस्राव चालू असताना असा विराम घेता येत नाही.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, स्वतः निवडलेले संगीत ऐकताना शल्यविशारदांची हृदयगती कमी वाढली व त्यांची कामगिरी सुधारली. तो प्रयोग मात्र प्रयोगशाळेत अंकगणित करवून झाला होता. प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात मोठ्या आवाजामुळे भूलतज्ज्ञाची सूचना ऐकू न येण्याचा धोका असतो.

तपासणीसूची

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणीसूची जाहीर केली. तिची आखणी करणाऱ्यांचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

सूचीचा मूळ हेतू चुका टाळणे हा आहे. तथापि छेद घेण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव व काम सांगणे, किती रक्त जाईल आणि कोणती अडचण येऊ शकेल हे आधीच बोलून घेणे, यामुळे सारे काही एकट्याने लक्षात ठेवण्याचा भार हलका होतो आणि कनिष्ठ परिचारिकेलाही शंका विचारता येते. नंतर एकगठ्ठा खुणा करून टाकल्यास यातले काहीच साधत नाही.

शस्त्रक्रियागृहाबाहेरील कारणे

टेबलाशी उभे राहण्यापूर्वीच आलेला थकवा वरीलपैकी कोणत्याही उपायाने जात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, तसेच त्यांना रोज सात ते आठ तास झोप व आठवड्यातून एक सुट्टी मिळावी, अशी शिफारस केली. रुग्ण दगावल्यास नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीची धास्ती हे आणखी एक कारण आहे. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानंतरही हल्ले झाले असून मार्च २०१७ मध्ये राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी याच प्रश्नावर काम बंद ठेवले होते.